खानापूरचं पाणी, दोन समुद्र आणि एक नोकरी

(दृश्य : कणकुंबी, भर पावसात)

कणकुंबीच्या माउलीपाशी मलप्रभा उगम पावते, पूर्वेची वाट धरते आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. त्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात, म्हादई निघते. ती पश्चिमेला उतरून गोव्याची मांडवी होते. एका तालुक्याचा पाऊस दोन समुद्रांना जातो. तरी बेळगावात पोरीनं "समुद्रशास्त्र शिकते" म्हटलं, की घरात पहिला प्रश्न येतो : "आणि नोकरी?"

प्रश्न रास्तच आहे.

(दृश्य : चोर्ला घाट, मग दोनापावला)

मांडवी आणि जुवारीच्या मुखांमध्ये, दोनापावलाला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आटोपली आणि १९६६ साली ही संस्था सुरू झाली. इथवर यायला बेळगावात बीएस्सी, मग गोवा विद्यापीठात किंवा कारवारला एमएस्सी. मग नेट ही राष्ट्रीय परीक्षा; ती फेलोशिपच्या गुणांनी निघाली की फेलोशिप आणि पीएचडी.

(दृश्य : संशोधन जहाजाचा डेक)

समुद्रातून वर आलेल्या चौकटीत उभ्या बाटल्या, प्रत्येकीत वेगळ्या खोलीचं पाणी. सगळ्यांत आधी प्राणवायूचा नमुना घ्यायचा. रबरी नळी काचेच्या बाटलीत तळाशी टेकवायची, पाणी वरून वाहू द्यायचं, बुडबुडा एकही नको. मग मँगनीजचं आणि आयोडाइडचं द्रावण. वरच्या थरातल्या पाण्यात लगेच तपकिरी साका धरतो. अरबी समुद्रात काहीशे मीटर खालच्या पाण्यात तो जवळजवळ पांढराच राहतो, कारण तिथं प्राणवायू नावालाही उरलेला नसतो. पुस्तकात दहा वेळा वाचलेलं असलं, तरी ती पांढरी बाटली हातात धरली की माणूस थबकतो.

जहाजाचे दिवस मात्र थोडे. बाकी सगळं वर्ष खुर्चीत, आकड्यांपुढे. जाहिरातीतले डॉल्फिन विसरा.

पुढं दोन वाटा फुटतात. विद्यापीठात गेलात तर तास, पेपर तपासणी, विद्यार्थी. प्रश्न मात्र तुमच्या आवडीचा निवडता येतो. सरकारी संस्थेत जहाज, यंत्रं, निधी हाताशी असतो, पण प्रश्न बऱ्याचदा वरून येतो : बंदराचा गाळ, मासळीचा अंदाज, खोल समुद्रातले खनिज गोटे. हैदराबादला, समुद्रापासून इतक्या दूर, २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र रात्रंदिवस चालतं. २००४ च्या लाटेनंतर ते उभं केलं. तिथल्या माणसाला शोधनिबंध नंतर सुचला तरी चालतो. भूकंप झाला की काही मिनिटांत निर्णय द्यावाच लागतो.

दोन्ही वाटांवर कायम जागा मोजक्या. पीएचडीनंतर काही वर्षं प्रकल्पावर, कंत्राटावर काढावी लागतात, आणि सांगणारे हे सहसा सांगत नाहीत. घरच्यांना उत्तर देताना एवढं आधी सांगून टाकावं. मग फॉर्म भरावा.