हॉर्नेटच्या डेकवरच्या दोन पांढऱ्या रेघा

समोर टेबलावर आहे ती अमेरिकेची विमानवाहू नौका हॉर्नेट. खरी होती सुमारे 250 मीटर लांब. ही 1:350 प्रमाणातली, 72 सेंटिमीटरची. बाजू रंगवून झाल्यात, मनोरा जागेवर बसलाय. राहिलाय तो डेक. आणि डेकला ब्रश लावण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते, ती म्हणजे तारीख.

आपली तारीख 18 एप्रिल 1942. त्या सकाळी या डेकवरून 16 बी-25 बॉम्बर विमानं जपानवर हल्ला करायला उडाली.

मुंबईत पूर्वी संग्रहालय असलेल्या जुन्या विक्रांतवर ज्यांनी चक्कर मारली असेल, त्यांच्या पायाखाली पोलाद होतं. हॉर्नेटचा डेक मात्र लाकडी. फळ्या आडव्या, डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत. जपानी नौकांवर त्याच फळ्या लांबीच्या दिशेने असत. ही दिशा चुकली, तर पुढची सगळी मेहनत वाया.

आता रंग. युद्धाआधी अमेरिकन डेकवर तांबूस-तपकिरी महोगनी स्टेन असायचा, वर पिवळे पट्टे. विमानातून तो लगेच नजरेत भरायचा. युद्ध जवळ आलं तसा निळसर-राखाडी स्टेन आला, वरून बघणाऱ्याला समुद्रात मिसळल्यासारखा वाटणारा. स्टेन म्हणजे ऑइलपेंट नव्हे. सुतार पॉलिशआधी रंग मुरवतो ना, तसा हा फळीत मुरतो. म्हणून मॉडेलवरही एकदम निळा थापायचा नाही. आधी कोऱ्या लाकडाचा फिकट पिवळसर हात. तो वाळला की वरून एअरब्रशने निळसर-राखाडी, इतका पातळ की खालचं लाकूड किंचित जाणवलं पाहिजे. मग मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या लावून एखादी फळी जराशी गडद करायची, एखादी जराशी फिकट. फरक अगदी थोडा ठेवायचा, नाहीतर डेकची सतरंजी होते.

जुने कृष्णधवल फोटो बघून रंग ठरवायला गेलं की हमखास फसायला होतं. त्या काळच्या काही फिल्मवर लाल रंग काळपट उमटायचा. त्यामुळे तांबूस डेक आणि गडद निळा डेक फोटोत सारखेच दिसू शकतात. म्हणून तर तारीख आधी.

तारखेवरून झीजही ठरते. हॉर्नेट सेवेत आली 20 ऑक्टोबर 1941 रोजी, म्हणजे हा डेक जेमतेम सहा महिन्यांचा. मागच्या भागात, विमानं उतरायची तिथे, टायरचे हलके डाग पुरेत. तिच्याच बांधणीची बहीण-नौका यॉर्कटाउन जून 1942 मधल्या मिडवेच्या लढाईआधी बॉम्ब खाऊन पर्ल हार्बरला आली आणि तीन दिवसांत डागडुजी करून निघाली. ती रंगवताना नव्या फळ्यांचं ठिगळ दाखवायलाच हवं. इथे तसलं काही नको.

इथे हव्यात या दोन रेघा. डावीकडची डाव्या चाकासाठी, दुसरी पुढच्या चाकासाठी. वैमानिकाने चाकं या रेघांवर ठेवली, की उजवा पंख मनोऱ्यापासून सुमारे सहा फूट लांब राहायचा. मॉडेलवर ते अंतर पाच मिलिमीटर! रेघा याच मोहिमेसाठी काढलेल्या, त्यामुळे ताज्या दिसायला हव्यात. तरी शुद्ध पांढरा वापरू नका, एवढ्या लहान मॉडेलवर तो डोळ्यांत खुपतो. राखाडीचा एक थेंब घाला. टेपची कड नखाने नीट दाबा, आणि रंग पुरता वाळायच्या आत टेप हळू, जवळजवळ आडवी ओढत काढा.

त्या सकाळी समुद्र खवळलेला होता, पुढच्या टोकावर पाणी उडत होतं. म्हणून तेवढ्या भागावर अर्धचकचकीत वॉर्निश. भिजलेलं लाकूड गडद दिसतं.

आता विमानं. सगळ्यात पुढे या हल्ल्याचा प्रमुख डूलिटल, त्याचं. डावं चाक या रेघेवर, पुढचं त्या रेघेवर. त्याच्यापुढे मोकळा डेक होता 467 फूट. मोजपट्टी लावून बघा, 40 सेंटिमीटरच्या आसपास भरतो.