सतरा नंबरचं घर

मंडळी, नमस्कार.

गेल्या रविवारी लेकीला घेऊन इथे मेलबर्नच्या सिटीत गेले होते. लॉन्सडेल स्ट्रीटच्या मागे, उंच उंच ऑफिसांच्या पायथ्याशी कॅसेल्डन प्लेस नावाचा बोळ आहे. तिथे सतरा नंबरचं एक बुटकं, विटांचं घर आहे. दोन खोल्या, उंबरा ओलांडला की थेट बोळात. जॉन कॅसेल्डन यांनी १८७७ साली अशी सहा घरं ओळीनं बांधली, त्यातलं हे एकच उरलंय. हा सगळा भाग म्हणजे लिटल लॉन नावाची जुनी वस्ती. दारू, गुन्हेगारी, वेश्यावस्ती एवढीच त्याची ख्याती. १९४८ मध्ये सरकारनं जागा ताब्यात घेतली आणि पुढे बहुतेक सगळं पाडलं.

मी सहज म्हणाले, "ही मेलबर्नची झोपडपट्टी होती."

संध्याकाळी तिनं फोनवर विचारलं, "आजी, तूपण दोन खोल्यांत राहतेस ना? म्हणजे झोपडपट्टीत?"

आईचा सगळा संसार गिरगावातल्या चाळीत झाला. ती गप्पच झाली. मी लेकीवर ओरडले. तेव्हा तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "मग त्या घरातल्या लोकांना म्हटलेलं कसं चालतं?"

चार दिवस झाले, तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

त्या वस्तीत आयरिश होते, चिनी होते, आपले हिंदुस्थानी फेरीवालेही होते. पुढे तिथे उत्खनन झालं, तेव्हा जुन्या संडासांच्या आणि कचऱ्याच्या खड्ड्यांतून काय निघालं? नक्षीच्या बशा, कप, मुलांची खेळणी. मेलबर्न म्युझियममध्ये ठेवलंय, जरूर बघा. त्या बशा बघताना मला आईची मांडणी आठवली. वरच्या फळीवरचे निळ्या फुलांचे सहा कप फक्त पाहुण्यांसाठी. आम्ही हात लावला की पाठीत धपाटा.

राग मानू नका, पण आपण मुलांना रायगड दाखवतो, सिंहगड दाखवतो. चाळीचा विषय निघाला की मात्र "आम्ही साउथ बॉम्बेला होतो" म्हणून मोकळे होतो. नळावरची रांग, गॅलरीतली अंथरुणं आपण इथे एकमेकांत हसून सांगतो. मुलांना कोण सांगणार?

आमची चाळ आता पुनर्विकासात गेली आहे. आईनं सही केली, आणि पुढच्या महिन्यात खोली रिकामी करायची आहे. लेक त्या खोलीचा फोटो मागतेय. सगळे अल्बम पाहिले. मुंजी, बारशी, हळदीकुंकू. सगळीकडे माणसंच माणसं. खोली म्हणून दिसतो तो त्यांच्या मागे मांडणीचा एक कोपरा.