हाकुताका : जिचा शेवट आधीच ठरला होता

मंडळी, जपानची रेल्वे म्हटली की आपल्याला शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन आठवते. आज मी जिच्याबद्दल बोलणार आहे ती तिच्या खालच्या वर्गातली गाडी आहे. मोजके थांबे, जादा तिकीट आणि धावायचं मात्र जुन्याच रुळांवर, अशा गाड्यांना तिथे लिमिटेड एक्स्प्रेस म्हणतात. हे जुने रूळ 1067 मिलिमीटरचे, म्हणजे आपल्या मीटरगेजपेक्षा जेमतेम चार बोटं जास्त रुंद. तेवढ्या रुळांवर ‘हाकुताका’ ताशी 160 किलोमीटरने जायची.

हे नाव तसं जुनं. 1965 पासून तोक्योचं उएनो स्थानक आणि पश्चिम किनाऱ्यावरचं कानाझावा यांच्यामध्ये या नावाची गाडी होती. 1982 मध्ये जोएत्सु शिंकान्सेन सुरू झाली आणि हाकुताका बंद पडली. म्हणजे शिंकान्सेनने हाकुताकाला एकदा संपवलं होतंच. पण मला रस आहे तो तिच्या दुसऱ्या जन्मात, कारण त्यामागे एक छोटी, हिशेबी कंपनी आहे.

निइगाता प्रांतात मुइकामाची ते साइगाता असा 59.5 किलोमीटरचा एकेरी मार्ग आहे, होकुहोकु लाइन. डोंगराळ मुलूख, हिवाळ्यात माणूस बुडेल एवढा बर्फ. काम सुरू झालं 1968 मध्ये. पुढे राष्ट्रीय रेल्वे कर्जात बुडाली आणि 1980 मध्ये सरकारने अशा तोट्याच्या मार्गांची कामं थांबवली. मग 1984 मध्ये प्रांत, गावं आणि खाजगी भांडवल एकत्र येऊन ‘होकुएत्सु एक्स्प्रेस’ ही कंपनी निघाली आणि अर्धवट बोगदे पुन्हा खणायला घेतले.

त्यातला नाबेताचियामा बोगदा म्हणजे या मार्गाचा खरा नायक, किंवा खलनायक म्हणा. लांबी नऊ किलोमीटरच्या थोडी वर, पण 1973 मध्ये सुरू झालेलं काम संपलं 1995 मध्ये. तिथली माती दाबाखाली फुगते, वर मिथेन वायू. मधल्या साडेसहाशे मीटरच्या तुकड्याने तर दहाएक वर्षं खाल्ली. बोगदा खणायचं अजस्र यंत्र आत घातलं, तर मातीने त्यालाच मागे ढकललं! शेवटी माणसांनी हातांनी खोदून वाट काढली. कोकण रेल्वेवर पेडण्याच्या बोगद्याने काय छळलं होतं हे इथल्या जुन्या इंजिनिअरांना सांगायला नको.

हा मार्ग फक्त गावागावांतल्या लोकल गाड्यांसाठी उघडला असता, तर पहिल्या वर्षीच तोट्यात गेला असता. पण तोक्योहून शिंकान्सेनने एचिगो-युझावाला यायचं आणि तिथून या डोंगरातून आडवं कानाझावाला जायचं, हा जवळचा रस्ता आहे हे कोणाच्या तरी लक्षात आलं. म्हणून बांधकाम चालू असतानाच मार्ग वेगवान गाड्यांसाठी सुधारून घेतला. 22 मार्च 1997 ला तो खुला झाला आणि हाकुताका परत आली. सुरुवातीला वेग 140, पुढे वाढत वाढत 2002 मध्ये 160.

आता हा वेग जमला कसा? जपानमध्ये साध्या मार्गावरच्या गाडीने आणीबाणीचा ब्रेक लावल्यापासून 600 मीटरच्या आत थांबावं असा दंडक होता, त्यामुळे बहुतेक ठिकाणी 130 ची मर्यादा. इथे दोन-तृतीयांश मार्ग बोगद्यांतच, फाटकांची कटकट जवळपास नाही. सिग्नलला एक हिरवा दिवा म्हणजे 130 पर्यंत जा आणि दोन हिरवे एकदम लागले तर त्याच्याही पुढे. मला ही दोन हिरव्या दिव्यांची युक्ती फार आवडते. तिचा अर्थ मोटरमनला समजावून सांगायची गरजच नाही.

एकेरी, अरुंद बोगद्यात एवढ्या वेगाने गाडी शिरली की हवा दट्ट्यासारखी पुढे रेटली जाते. मिसाशिमा नावाचं एक स्थानक बोगद्याच्या आतच आहे. तिथे प्रवाशाला फलाटावर उभं राहू देत नसत. दारं बंद करून प्रतीक्षागृहात बसवायचे. हाकुताका गर्जत निघून जायची, लोकल आली की मगच दार उघडायचं. दिवसाला मोजके प्रवासी असलेल्या स्थानकावर एवढा बंदोबस्त!

तर या गाडीने कंपनीला जगवलं. उत्पन्नाचा बहुतांश भाग हाकुताकाचा. आणि इथे मला त्या मंडळींचं कौतुक वाटतं. होकुरिकु शिंकान्सेन ही तोक्योहून थेट येणारी नवी गाडी एक दिवस कानाझावाला पोचणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. ती पोचली की एचिगो-युझावाला उतरून गाडी बदलणार कोण? म्हणून नफा उडवला नाही, साठवत गेले. गंगाजळी एक हजार कोटी येनच्या वर गेली. आपल्याकडे एखाद्या महामंडळाने असं केल्याचं मला तरी आठवत नाही. आठवत असेल तर शेवटी जरूर सांगा.

13 मार्च 2015 ला हाकुताका शेवटची धावली. दुसऱ्या दिवशी शिंकान्सेन कानाझावाला पोचली. पावणेचार तासांच्या आसपासचा तोक्यो-कानाझावा प्रवास अडीच तासांवर आला. तिथल्या प्रवाशाने हळहळावं का? मला नाही वाटत. हाकुताका हे नावही नव्या शिंकान्सेनच्या एका सेवेला देऊन टाकलं.

होकुहोकु लाइन चालू आहे, पण खर्च वाचवायला गाड्यांचा वेग उतरवला. 2018 मध्ये तिकीट वाढवलं. 2017 पासून लोकलच्या डब्यात सागावा या कुरिअर कंपनीची पार्सलंही जातात. काही गाड्यांत बोगद्यात असताना छतावर आकाशाची चित्रं दाखवतात. एवढा बोगदा नशिबी आला आहे तर वापरा, असा साधा विचार.

आणि कंपनीच्या त्या वेगवान गाड्या? त्या जेआर वेस्ट या पश्चिम जपानच्या रेल्वे कंपनीने विकत घेतल्या आणि नागोयाकडून येणाऱ्या ‘शिरासागी’ या लिमिटेड एक्स्प्रेसला लावल्या. तिथे 130 च्या वर पळायची सोय नव्हती. मार्च 2024 मध्ये शिंकान्सेन कानाझावाच्या पुढे त्सुरुगापर्यंत गेली, तेव्हा शिरासागीही त्सुरुगालाच संपू लागली. त्या डब्यांना शिंकान्सेनने दुसऱ्यांदा गाठलं.