माइकपासून किती दूर? आर्मस्ट्राँग, क्रॉस्बी आणि स्क्रग्ज

मंडळी, जॅझ, क्रूनिंग (माइकजवळ हळुवार गाण्याची शैली) आणि ब्लूग्रास (बॅन्जो-मँडोलिनवरचं अमेरिकी लोकसंगीत) या तिन्हींच्या थोर कलावंतांना एकत्र वंदन करायचं, तर त्यांनी माइकपासूनचं अंतर कसं सांभाळलं ते पाहावं. त्यांची बरीचशी कारागिरी तिथेच दिसते.

एप्रिल १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या जॅझ बँडनं अमेरिकेत इंडियानातल्या रिचमंडला, जेनेट या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा माइक नव्हताच. कर्ण्यात शिरलेला आवाज सुईमार्फत मेणाच्या तबकडीवर कोरला जायचा. लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) इतका दणकट, की त्याला सगळ्यांच्या बराच मागे उभं केलं. बास ड्रमच्या दणक्यानं सुई उडायची, म्हणून ड्रमवादक बेबी डॉड्सनं लाकडी ठोकळे वाजवले. या रेकॉर्डींवरून तेव्हाच्या ड्रमवादनाचा अंदाज बांधू नका! (आपल्याकडे आर्मस्ट्राँगची छाप ज्यांच्या ट्रम्पेटवर स्पष्ट ऐकू येते, ते चिक चॉकलेट मूळ गोव्याचे. सी. रामचंद्रांबरोबर त्यांनी केलेलं काम जरूर ऐका.)

१९२५ पासून विद्युत ध्वनिमुद्रण आलं आणि आवाज फेकायची गरज संपली. क्रूनिंग गायक बिंग क्रॉस्बीनं हे अचूक हेरलं. रिबन माइकच्या (आत धातूची पातळ पट्टी असलेल्या माइकच्या) जवळ गेलं की खर्ज भरदार होतो, त्यामुळे हळू गायलेला शब्दही कानाशी येतो. मात्र फार जवळून 'प' किंवा 'ब' म्हटलं, की हवेचा झोत थेट पातळ पट्टीवर आदळून भसकन आवाज येतो. उपाय सोपा: तोंड किंचित तिरकं ठेवायचं. याच शैलीतला गायक फ्रँक सिनात्रा १९४० ते ४२ टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये होता. डॉर्सी ट्रॉम्बोनवर लांबच लांब ओळ न तोडता कसा वाजवतो, हे पाहून सिनात्रानं आपला दमसास घडवला.

आता ब्लूग्रास. डिसेंबर १९४५ मध्ये बॅन्जोवादक अर्ल स्क्रग्ज नॅशव्हिलला मँडोलिनवादक बिल मन्रोच्या बँडमध्ये आला आणि या संगीताचा चेहरा ठरला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्हींवर नख्या (तार छेडायला बोटांत घालायच्या). एका मात्राखंडात आठ स्वर, त्यांची वाटणी ३, ३ आणि २; त्यामुळे जोर ठेक्याच्या आडवा पडतो आणि चाल पुढे ढकलली जाते. शिकणाऱ्यांचं बिनसतं ते अंगठ्यामुळे. तो जड पडला की बॅन्जोची आखूड पाचवी तारच किणकिणत राहते आणि धून तिच्याखाली दबते. आधी आठही स्वर एकसारख्या अंतरानं यायला हवेत, लय मग वाढवावी. मन्रोचं मँडोलिन उलट ठेक्यावर 'चॉप' देतं: तारा छेडल्या छेडल्या डाव्या हाताची बोटं सैल करायची, म्हणजे नाद तिथल्या तिथे तुटतो आणि ड्रमशिवाय ठेका मिळतो.

हे सगळे एकाच माइकभोवती वाजवत. गिटारचा आवाज नाजूक, तिला अगदी पुढे यावं लागतं. बॅन्जो थोडा मागूनही भागतो. आपला तुकडा संपताच बॅन्जोवाल्यानं लगेच मागे सरायचं, नाहीतर पुढच्या ओळीचा पहिला शब्द ऐकूच येत नाही.