आधी त्याचं भांडं बघा

नमस्कार श्रोतेहो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दवाखाना बंद करायची वेळ झाली होती, तेवढ्यात एक कुटुंब जर्मन शेफर्डचं पाच महिन्यांचं पिल्लू घेऊन आलं. नाव वाघ्या. "डॉक्टर, हा चावका निघाला," वडील दारातूनच म्हणाले. घरातली सात वर्षांची मुलगी त्याला उचलायला गेली की तो गुरगुरायचा, आणि दोन दिवसांपूर्वी त्यानं तिच्या मनगटाला दात लावले होते. तिची इंजेक्शनं सुरू झाली होती. आईचं म्हणणं, याला कुणाला तरी देऊन टाकू. मुलगी काही बोलत नव्हती, नुसती वाघ्याचा पट्टा घट्ट धरून उभी होती.

मी वाघ्याला टेबलावर घेतलं नाही, त्याच्याजवळ फरशीवर बसलो. तो चार पावलं चालायचा आणि बसायचा. मागच्या पायाच्या हाडावर अंगठ्यानं हलकेच दाबलं, तर पिल्लू कळवळलं आणि वळून माझ्या हाताकडे तोंड नेलं. मी विचारलं, याला खायला काय घालता? आई म्हणाली, "काही कमी करत नाही हो. रोज बोनलेस चिकन आणि भात. हाड घशात अडकेल म्हणून हाडाचा तुकडासुद्धा देत नाही."

एक्स-रे काढला. हाडं पांढरी, ठसठशीत दिसायला हवीत, ती धुक्यासारखी फिकट दिसत होती. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. भातातही नाही. पण रक्तातलं कॅल्शियम कमी होऊन चालत नाही, त्यामुळे गळ्याजवळच्या छोट्या ग्रंथी ते हाडांतून ओढून घेतात. वाढत्या पिल्लाची हाडं अशी आतून पोखरली जातात, कधी कधी त्यांना बारीक चिरा जातात. अशा पिल्लाला प्रेमानं उचलणं म्हणजे ठणकत्या जागी हात घालणं. त्याला बोलता येत नाही, मग तो दात दाखवतो.

म्हणून कुणी कुत्र्याच्या स्वभावाची तक्रार घेऊन आलं, की मी आधी त्याच्या भांड्यात काय पडतं ते विचारतो. आपल्याकडे शेपटीची आणि नळीची म्हण इतकी अंगवळणी पडली आहे, की कुत्र्याची खोड म्हणजे जन्माची खोड असं आपण धरूनच चालतो.

एक साधी तक्रार घ्या. "रात्री घरात घाण करतो, कितीही ओरडलं तरी सुधारत नाही." रात्री काय देता? "वाटीभर दूध, पोळी कुस्करून." पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. पहाटे तीनला पोटात कळ येते, दार बंद, आणि सकाळी मार. दूध बंद केलं आणि चार दिवसांत फरशी कोरडी राहू लागली, असं मी अनेक घरांत पाहिलंय.

पोळी-भाकरीलाच दोष देऊ नका, बरं का. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य चालत नाही, असं हल्ली ठासून सांगितलं जातं. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्टमय अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात साधारण दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत सापडल्या. माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षं काढल्याची ही खूण आहे. आपल्या धनगरांची कुत्री भाकरीवर वाढली, ते उगीच नाही. फक्त भाकरीच्या जोडीला अंडं, मांस किंवा पुरेशी प्रथिनं हवीत, आणि घरच्या जेवणात कॅल्शियम किती घालायचं ते पशुवैद्याकडून ठरवून घ्यायला हवं. कांदा-लसणाची फोडणी दिलेला रस्सा मात्र अजिबात नको, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि दिवाळीत चॉकलेट खाऊन कुत्रा घरभर सैरभैर धावायला लागला, तर तो मस्ती करतोय असं समजू नका. ती विषबाधा असू शकते, तडक दवाखाना गाठा.

आता मेंदूकडे येऊ. मन शांत ठेवायला मदत करणारं सेरोटोनिन नावाचं द्रव्य मेंदूत तयार होतं, आणि त्याचा कच्चा माल अन्नातून येतो. त्या कच्च्या मालाचं नाव ट्रिप्टोफॅन. हा प्रथिनांचाच एक घटक. पण गंमत अशी, की जास्त प्रथिनं खाल्ली म्हणजे तो मेंदूत जास्त पोचेल असं नाही. सणाच्या आदल्या दिवशी एसटी लागते तेव्हा दाराशी काय होतं ते आठवा. दार एकच, चढणारे पन्नास. प्रथिनांतले बाकीचे घटक संख्येनं जास्त असतात, तेच आधी आत घुसतात आणि ट्रिप्टोफॅन खालीच राहतो.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी याची परीक्षा घेतली आणि २०००मध्ये ती प्रसिद्ध केली. लोकांच्या घरातलेच ३३ कुत्रे घेतले. ११ घरच्यांवर दादागिरी करणारे, ११ आपल्या हद्दीत कुणी आलं की अंगावर जाणारे आणि ११ अतिचंचल. प्रत्येकाला चार प्रकारचा आहार, एकेक आठवडा. हद्द राखणाऱ्या कुत्र्यांना कमी प्रथिनांच्या आहारात ट्रिप्टोफॅन मिसळून दिला, तेव्हा त्यांचा आक्रमकपणा उतरला. दादागिरी करणारे कुत्रे जास्त प्रथिनांच्या साध्या आहारावर सर्वांत वाईट वागले. आणि अतिचंचल कुत्र्यांत काहीच फरक पडला नाही.

हा शेवटचा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. कुत्रा दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडलेला असेल, तर आहार बदलून तो शांत होणार नाही, त्याला फिरवावंच लागेल. आणि हा प्रयोग ऐकून उद्या पिल्लाची प्रथिनं कमी करू नका. वाढत्या वयात ती लागतातच.

आता लॅब्रडॉर. पुण्या-मुंबईत सोसायटी तिथे लॅब्रडॉर, आणि लॅब्रडॉर तिथे ‘हावरट’ ही तक्रार. जेवण झालं तरी ताटाशी बसतो, कचऱ्याचा डबा पालथा करतो. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये असं आढळलं, की घरी पाळलेल्या लॅब्रडॉरपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्याच गटानं २०२४ मध्ये पुढचं दाखवलं. सकाळच्या खाण्यानंतर तीन तासांनी त्यांनी कुत्र्यांसमोर पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवलं. दिसतंय, वास येतोय, मिळत मात्र नाही. तुकडा गळालेले कुत्रे ते मिळवण्यासाठी जास्त झटत राहिले. पोटभर खायला दिलं तेव्हा मात्र त्यांनी इतरांपेक्षा जास्त खाल्लं नाही. म्हणजे दोन जेवणांच्या मध्ये त्यांना खरोखरच जास्त भूक लागते. वर बसल्या जागी त्यांची ऊर्जाही सुमारे २५ टक्के कमी खर्च होते. भूक जास्त आणि खर्च कमी, काय करावं त्या जिवानं?

याची दुसरी बाजू मला फार आवडते. अपंगांच्या मदतीसाठी तयार केलेल्या लॅब्रडॉरमध्ये हाच बदल ७६ टक्के कुत्र्यांत सापडला. खाऊसाठी शिकायला तयार असणारा कुत्रा लवकर शिकतो, हे त्यामागचं कारण असावं असं संशोधकांना वाटतं. तेव्हा अशा कुत्र्याला हावरट म्हणून फटकारू नका. दिवसाचं अन्न मोजा, त्याचे तीन-चार भाग करा, आणि त्यातलेच दाणे हातात घेऊन त्याला ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ शिकवा.

सतत पंजे चाटणारा, कान खाजवणारा, हात लावला की चिडणारा कुत्रा असेल, तर अन्नाच्या ॲलर्जीचा विचार करा. त्याची परीक्षा आठ आठवडे चालते, आणि त्या काळात ठरलेल्या अन्नाशिवाय एक बिस्किटही चालत नाही.

अन्न काय, तसंच अन्न कुठे, हेही पाहा. रस्त्यावरच्या कुत्र्यांना लोक मायेनं फाटकाशीच खाऊ घालतात. मग ती जागा त्यांची होते आणि कुरिअरवाल्याच्या मागे कुत्री लागतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत म्हणूनच म्हटलंय, की खाऊ घालायची जागा जिने, दारं आणि मुलांची खेळायची जागा यांपासून दूर असावी आणि वेळ ठरलेली असावी. घरातही दोन कुत्री असतील तर भांडी दोन खोल्यांत ठेवा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

वाघ्याचं पुढे काय झालं ते सांगतो. पिल्लांचा संतुलित आहार, वेदनेचं औषध आणि काही आठवडे पूर्ण विश्रांती, उड्या नाहीत, जिने नाहीत. शिवाय मी त्या घराला एक वही घालायला सांगितली. वाघ्याच्या तोंडात जे जाईल ते लिहायचं, कुणीही दिलेलं असो. महिन्याभरानं ते परत आले, तेव्हा वही मुलीच्या हातात होती. अक्षर तिचंच. सकाळ, दुपार, संध्याकाळ नीट मोजून लिहिलेलं, आणि मध्येच एका ओळीखाली लाल पेन्सिलीनं दोनदा रेघ ओढलेली: "आजोबांनी गुपचूप चिकन दिलं. मी पाहिलं."

वाघ्या तिच्या पायावर डोकं टाकून झोपला होता. मी त्याच्या पायाचं हाड दाबलं, त्यानं एक डोळा उघडला आणि परत मिटला.

नमस्कार.