घागरीच्या बुडातला खळगा

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘झुनी घागरींवरची नक्षी’. नक्षीकडे येतोच, पण आधी घागर उपडी करू.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोत झुनी नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्या बायकांनाही आपल्यासारखी चुंबळ ठाऊक होती, युक्का नावाच्या झाडाच्या लांब पानांची विणलेली. पण त्यांच्या पाण्याच्या मातीच्या घागरीला बुडातच खळगा असतो. डोक्यावर ती नीट बसते. परदेशातल्या एका संग्रहालयात अशा घागरींची रांग पाहिली. तासभर गुडघे टेकून, मान वाकडी करून पाहतोय, पण बूड दिसेल तर शपथ! तिथल्या माणसाला म्हटलं, खाली आरसा ठेवा हो. तो म्हणाला, बुडाला काय बघायचं? मला ते अजून लागून राहिलंय. ज्या बाईने भरलेली घागर घेऊन शिडी चढायची, तिचा सगळा हिशेब त्या खळग्यात आहे!

या घागरी संग्रहालयांत गेल्या १८७९ पासून. स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-संस्थेची मोहीम झुनी गावात उतरली आणि गाड्या भरभरून भांडी घेऊन गेली. त्या मोहिमेतल्या मटिल्डा स्टीव्हन्सन बाईंनी लिहून ठेवलेला एक प्रसंग सांगतो. वेवा नावाची नामांकित कारागीर. जन्म पुरुषाचा, पण वेष आणि कामं बायकांची. झुनी भाषेत अशांना ल्हामाना म्हणतात. वेवा दोवा यालाने डोंगरावर माती आणायला निघाली, सोबत स्टीव्हन्सन पतिपत्नी. मातीची खाण जवळ आली तशी तिने स्टीव्हन्सनसाहेबांना मागेच थांबवलं. तिथे पुरुषांनी यायचं नाही. बाईंना म्हणाली, अवाक्षर काढू नका, बोललात तर माझी भांडी भाजताना तडकतील. मंडळी, मातीशी असं वागणारी माणसं खापरंही टाकत नाहीत. फुटक्या भांड्यांची पूड नव्या मातीत मळतात. आजीची घागर नातीच्या घागरीत!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर भराभर. घागर घडवायची जुनी रीत अशी: चाक नाही. वळ्या एकीवर एक चढवायच्या, भोपळ्याच्या तुकड्याने खरवडायच्या, पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, गोट्याने घोटायचं. कुंचला युक्काच्या पानाचा, रंग काळा आणि तांबडा. भाजणं उघड्यावर, मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्यांच्या जाळात. १९२४ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ रूथ बुन्झेल तिथे शिकायला गेल्या. कारागिणी आधी कच्चं चित्र काढत नाहीत, नक्षी मनात पुरी होते, कधी स्वप्नात दिसते, हे त्यांनी नोंदवलं. हरणाच्या तोंडातून काळजापर्यंत गेलेला तांबडा बाण तुम्ही चित्रांत पाहिला असेल. तो श्वासाचा मार्ग. पूजेचं पीठ ठेवायच्या वाडग्यांवर बेडूकमासे, चतुर. पाऊस मागणाऱ्या मुलखाची नक्षी ती. आणि गळ्याभोवतीची काळी रेघ पूर्ण जुळवत नाहीत, बोटभर फट सोडतात. भांड्यातल्या जिवाला वाट हवी म्हणून.

दिवे मालवा, चित्रं दाखवतो. पहिलं बुडाचंच आहे.