प्रश्नाच्या वेषातली काळजी

[दृश्य : दाट धुकं. धावपट्टीच्या कडेचे मिणमिणते दिवे.]

२७ मार्च १९७७. स्पेनच्या तेनेरीफ बेटावरचा एक लहानसा विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळात बॉम्ब फुटलाय, म्हणून मोठमोठी विमानं इकडे वळवली आहेत. जागा अपुरी, धुकं वाढतंय आणि निघायची घाई सगळ्यांनाच.

केएलएम कंपनीचं बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाशी उभं आहे. त्याच धावपट्टीवरून पॅन ॲम कंपनीचं दुसरं ७४७ समोरून हळूहळू येतंय. धुक्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नाहीत.

केएलएमचा कॅप्टन म्हणजे साधी असामी नव्हे. कंपनीच्या ७४७ वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा तो प्रमुख. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची या विमानासाठीची परीक्षा घेतलेली, तीही त्यानंच.

कॅप्टन इंजिनांचा जोर वाढवतो. सहवैमानिक म्हणतो, थांबा, अजून परवानगी नाही. कॅप्टन म्हणतो, ठाऊक आहे, विचारून घे.

टॉवरकडून मार्गाची परवानगी येते, उड्डाणाची नव्हे. सहवैमानिक ती रेडिओवर वाचून दाखवत असतानाच विमान हलतं. या वेळी तो कॅप्टनला अडवत नाही. एकदा टोकून झालं होतं. त्याच माणसाला लगेच पुन्हा टोकायचं? त्याच्या मनात नेमकं काय चाललं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.

मागच्या खुर्चीवरच्या फ्लाइट इंजिनिअरच्या कानावर रेडिओवरचं पॅन ॲमबद्दलचं काहीतरी पडतं. तो विचारतो, “तो अजून बाजूला झाला नाही का?”

कॅप्टन ठसक्यात म्हणतो, झालाय की.

[काही क्षण शांतता.]

५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात इतका भीषण अपघात दुसरा नाही.

कारणं पुष्कळ होती. धुकं होतं, रेडिओवर दोन संदेश एकाच वेळी येऊन एकमेकांत अडकले, शब्दांचा घोळ झाला. पण आपण जरा त्या इंजिनिअरच्या वाक्यापाशी थांबू. “थांबा” असं तो म्हणाला नाही, त्यानं प्रश्न विचारला. वरिष्ठाला ऐकवायची काळजी बहुतेक वेळा अशीच येते, प्रश्नाचा वेष घालून.

[दृश्य : बैठकीची खोली. टेबलाभोवती आठ माणसं, भिंतीवर कामाचं वेळापत्रक.]

ही भाषा ऑफिसात काम करणाऱ्या प्रत्येकाला येते. “सर, एकदा परत बघून घ्यायचं का?” याचा अर्थ, हे चुकलंय. “मॅडम, तारीख तीच ठेवायची ना?” याचा अर्थ, तारीख पाळणं शक्य नाही. “प्रयत्न करू” याचा अर्थ तर सांगायलाच नको. बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की काय म्हणायचंय. ऐकणारा वरवरचा प्रश्न ऐकतो, “हो हो, करून टाका” म्हणतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. महिन्यानं काम फसलं की तोच विचारतो, “मग मला आधी का नाही सांगितलं?”

सांगितलं होतं, साहेब. तुम्ही उत्तर देऊन मोकळे झालात.

चांगला टीम लीडर इथे उत्तर देत नाही, उलट विचारतो. “का विचारतोयस? काय खटकतंय?” एवढंच. आणि मग गप्प बसतो. हे गप्प बसणंच अवघड असतं. तीन-चार सेकंदांची शांतताही वरिष्ठांना सोसत नाही.

१९९० च्या दशकात एमी एडमंडसन या हार्वर्डच्या संशोधक रुग्णालयांतल्या पथकांमधल्या औषधांच्या चुका तपासत होत्या. चांगल्या पथकांत चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा. आकडे आले नेमके उलटे. मग उलगडा झाला तो असा, की जिथे वातावरण मोकळं होतं तिथे लोक चुका सांगत होते आणि इतर ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. म्हणजे ज्या टीमकडून कधीच वाईट बातमी येत नाही, तिच्याबद्दल काळजी वाटायला हवी. आपल्याकडे अशाच टीमला शाबासकी मिळते, हा भाग वेगळा.

[दृश्य : मोटारींची असेंब्ली लाइन. डोक्यावरून जाणारी दोरी.]

टोयोटाच्या कारखान्यांनी बोलण्याचं हे ओझं एका दोरीवर टाकलं. काही बिघडलंय असं वाटलं की कुठल्याही कामगारानं दोरी ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर चालत त्याच्या जागेवर येतो. ठरलेल्या खुणेपर्यंत अडचण सुटली तर लाइन चालूच राहते, नाहीतर थांबते. शब्द जुळवायला नकोत, सूर सांभाळायला नको. पण खरी मेख दोरीत नाही. आलेल्या लीडरनं पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या, की ती दोरी पुन्हा कोण ओढणार?

विमान कंपन्याही तेनेरीफमधून शिकल्या. १९७९ मध्ये नासानं या विषयावर कार्यशाळा घेतली. १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सनं प्रशिक्षण सुरू केलं. कनिष्ठांनी स्पष्ट बोलायचं आणि कॅप्टननं ते मागून घ्यायचं, दोन्हींचा सराव. निर्णय मात्र कॅप्टनचाच. इथे हात वर करून मतदान होत नाही.

[दृश्य : मक्याची शेतं. वर निळं आकाश.]

१९ जुलै १९८९. युनायटेडचं डीसी-१० जातीचं विमान अमेरिकेवरून उडतंय. शेपटीतलं इंजिन फुटतं आणि त्याबरोबर विमान वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणा जातात. सुकाणू हातात आहे, पण विमान त्याला दाद देत नाही. या प्रसंगासाठी कुठल्याच पुस्तकात उपाय लिहिलेला नव्हता.

प्रवाशांत डेनिस फिच नावाचा वैमानिक बसलेला. वैमानिकांना शिकवणारा, पण त्या दिवशी कामावर नसलेला. तो मदत देऊ करतो. कॅप्टन अल हेन्स त्याला आत बोलावतो आणि उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे जोर कमी-जास्त करायचे दांडे, त्याच्या हाती देतो. खुर्च्यांच्या मध्ये जमिनीवर गुडघे टेकून फिच डावं इंजिन कमी, उजवं जास्त असं करत विमान वळवतो. कॅप्टन विचारत राहतो, बाकीचे सांगत राहतात. पूर्वी कॅप्टन म्हणेल तेच खरं असायचं आणि त्यापायी काही विमानं गमावली, असं हेन्स पुढे आपल्या भाषणांतून सांगत.

सुमारे ४४ मिनिटं चौघांनी ते विमान हवेत धरून ठेवलं. सू सिटीच्या धावपट्टीवर टेकताना ते मोडलं, पेटलं. आत २९६ जण होते. १८४ वाचले.